परीक्षक ‘संदेश काय?’ विचारतात, मित्रांना भलतंच दिसतं: अनेक अर्थांचा फोटो करायचा कसा, वाचायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातल्या उपवन तलावाच्या कडेला पहाटे एक लाल प्लास्टिकची खुर्ची, तिच्यापुढे अगदी पाण्याला लागून चपलांचा जोड आणि माणूस कुणीच नाही, असा फोटो तुम्ही मुद्दाम मांडून काढलात. त्यातून वेगवेगळे अर्थ निघावेत अशी तुमची इच्छा होती. स्पर्धेत परीक्षकांनी ‘संदेश स्पष्ट नाही’ असा शेरा मारला आणि मित्रांपैकी प्रत्येकाने ‘कुणीतरी जीव दिलाय’ असंच म्हटलं. आता असे फोटो करावेत कसे आणि दुसऱ्यांचे वाचावेत कसे, हे तुम्हाला हवंय.

मी ऐरोलीत राहतो. नोकरी सांभाळून चौदा वर्षं फोटो काढतोय, त्यातली शेवटची सहा-सात वर्षं बहुतेक अशाच मांडलेल्या फोटोंची आहेत. परीक्षकांचा शेरा क्षणभर बाजूला ठेवा. मला तुमच्या मित्रांचं म्हणणं जास्त महत्त्वाचं वाटतं. सगळ्यांना एकच अर्थ लागला, म्हणजे फोटोत अर्थ एकच होता. पाण्याच्या काठावर काढून ठेवलेल्या चपला हे आपल्याकडे जवळजवळ पूर्ण वाक्यच आहे. बातम्यांतून, सिनेमांतून, गावच्या विहिरीच्या गोष्टींतून ते वाक्य आपल्याला पाठ झालंय. चपला तिथे ठेवल्याबरोबर खुर्चीला काही बोलायला जागाच उरली नाही.

शाळेत श्लेष शिकताना एक उदाहरण हमखास असायचं: ‘मित्राच्या उदयाने कोणास आनंद होत नाही?’ मित्र म्हणजे सखा आणि मित्र म्हणजे सूर्य. या वाक्यात धूसर काहीच नाही. दोन्ही अर्थ पुरते, दोन्ही व्याकरणात बसणारे, आणि एकामुळे दुसरा खोटा पडत नाही. फोटोत मला हेच हवं असतं. धुकं, पाठमोरी आकृती, हललेला कॅमेरा यांनी फोटो अस्पष्ट होतो. अस्पष्ट फोटोला हवा तो अर्थ चिकटवता येतो, म्हणून तो कुणालाच धरून ठेवत नाही.

माझा एक फोटो सविस्तर सांगतो, कारण मला जे थोडंफार कळलं ते त्यातूनच. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये जांभळी नाक्यावरून चार वर्षांच्या मुलाच्या मापाचा पिवळा रेनकोट आणला. घराच्या दाराला आतून खुंटी आहे, तिच्यावर टांगला. खाली दप्तर, छोटे गमबूट आणि फरशीवर पाणी. फोटो काढला, घरच्यांना दाखवला. सगळे म्हणाले, पोरगं शाळेतून आलं. दप्तर काढलं, तरी पोरगं शाळेतूनच आलं. गमबूट काढले, आता पोरगं नुसतं बाहेरून आलं. वस्तू कमी करत गेलं की अर्थ आपोआप मोकळा होतो, अशी तोवर माझी समजूत होती. तसं काही झालं नाही. अर्थ एकच राहिला, फक्त पातळ झाला.

मग बायको म्हणाली, ‘अरे, याच्या घड्या दिसताहेत. रात्रभर टांगून ठेव, सकाळी जातील.’ मी जवळ जाऊन पाहिलं. पाकिटातल्या घड्यांच्या रेषा पाठीवर चौकोन पाडून ताठ उभ्या होत्या. खांद्यावर मगाने पाणी ओतलं होतं, त्यातले थेंब त्या रेषांवर ओळीने अडकले होते. रेनकोट एकदाही कुणी घातलेला नाही, आणि तरी तो भिजून आलाय. घड्या एक सांगतात, खालचं पाणी दुसरं सांगतं, आणि दोघांपैकी कुणीच माघार घेत नाही. फोटो तिथे झाला. घड्या तशाच राहू दिल्या.

पहिल्यांदा लेन्स पूर्ण उघडी ठेवून काढला होता. रेनकोट सुंदर उठून आला, पण फरशी विरघळली आणि पाणी गेलं, म्हणजे दोनातला एक साक्षीदारच गेला. मागचं धूसर करणं म्हणजे कुठे पाहायचं ते बघणाऱ्याच्या वतीने आपणच ठरवून टाकणं. म्हणून एफ ८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान करून, ट्रायपॉडवर, सगळं स्वच्छ दिसेल असा पुन्हा काढला. ट्यूबलाइट बंद, फक्त बाल्कनीतून येणारा ढगाळ उजेड. त्यात सकाळ की संध्याकाळ ते कळत नाही. कॅमेरा तीन फुटांवर आणला. ती उंची मुलाच्या डोळ्यांची. हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही, पण दार उगाच मोठं वाटतं.

नावाने मात्र फार छळलं. आधी ‘शाळेचा पहिला दिवस’ ठेवलं होतं. म्हणजे दार उघडं ठेवायचं आणि स्वतःच बाहेरून कडी लावायची. शेवटी नुसतं ‘जून’ ठेवलं. महिना म्हणूनही आणि भेंडी जून झाली म्हणतो त्या अर्थानेही. कोऱ्या रेनकोटाखाली तो शब्द बसला.

नाव किंवा खालची ओळ काय करू शकते, याचं मला माहीत असलेलं सर्वांत जबरदस्त उदाहरण १८४० सालचं आहे. इपोलित बायार या फ्रेंच माणसाने स्वतःचं फोटोतंत्र शोधून काढलं होतं, पण सरकारी मान आणि निवृत्तिवेतन दुसरं फोटोतंत्र शोधणाऱ्या दागेर याला मिळालं. बायारने उघड्या अंगाने, डोळे मिटून भिंतीला टेकलेला स्वतःचा फोटो काढला आणि मागे लिहिलं की हा बायारचा मृतदेह आहे, निराशेने त्याने पाण्यात जीव दिला. वर असंही लिहिलं की चेहरा आणि हात आता सडू लागलेत. फोटोत ते खरंच काळवंडलेले दिसतात. बाकी अंग पांढरं आणि तेवढेच भाग काळे, कारण ते उन्हाने रापलेले होते. मजकूर वाचण्याआधी तो झोपलेला माणूस आहे, वाचल्यावर प्रेत. काळे हात तेच. आणि प्रेताने स्वतःचा फोटो काढलाय, हेही आपल्याला कळत असतं.

आता एक फरक सांगतो, कारण त्यात बरेच जण अडकतात. ‘हे काय आहे?’ असं वाटायला लावणारा फोटो आणि ‘इथे काय झालंय?’ असं वाटायला लावणारा फोटो वेगळे. पहिला करणं तुलनेने सोपं. ऐरोलीच्या खाडीवर ओहोटीला जा, चिखलातल्या पाण्याच्या बारीक वाटांवर कॅमेरा रोखा, क्षितिज कापा, मापाचा अंदाज देणारी एकही वस्तू आत येऊ देऊ नका, आणि ऊन तिरपं असताना काढा. पानाच्या शिरा, नदीचं खोरं, हातावरच्या नसा, काहीही दिसेल. पण ‘चिखल आहे’ असं कळलं की बहुतेक वेळा कोडं सुटतं आणि माणूस पुढे जातो.

बहुतेक वेळा म्हणालो, कारण याला मोठा अपवाद आहे. १९२० साली न्यूयॉर्कमध्ये मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलावंताच्या स्टुडिओत एका मोठ्या काचेवर कित्येक महिन्यांची धूळ साचू दिलेली होती. त्याचा छायाचित्रकार मित्र मॅन रे याने तिचा फोटो घेतला, शटर उघडं ठेवून दोघं जेवायला गेले अशी त्याची आठवण आहे. १९२२ मध्ये एका फ्रेंच मासिकात तो छापून आला तेव्हा खाली ओळ होती, विमानातून घेतलेलं दृश्य. पहिल्या महायुद्धात विमानांतून काढलेले फोटो लोकांनी पाहिलेले होते, त्यामुळे ते पटण्यासारखं होतं. आता सगळ्यांना ठाऊक आहे की ती धूळ आहे. तरी फोटो संपत नाही. उलट धूळ म्हटल्यावर साचलेला काळ दिसू लागतो आणि विमानातून दिसावं तसं मघाचं उजाड रानही नजरेसमोरून जात नाही. स्वतः करताना मी हीच परीक्षा लावतो. बघणाऱ्याच्या कानात सगळं खरं सांगून टाकायचं. त्यानंतरही तो फोटोसमोर उभा राहिला, तर ठेवायचा.

वाचण्याबद्दल. पाचपाखाडीत एका मित्राकडे आम्ही सात-आठ जण महिन्यातल्या एका रविवारी जमतो. फोटो टेबलावर ठेवला की पहिली पाच मिनिटं फक्त दिसणाऱ्या वस्तू बोलायच्या. खुंटी, पिवळा रेनकोट, घड्या, पाणी, दाराची कडी. ‘एकटेपणा’, ‘विरह’, ‘व्यवस्था’ असले शब्द या वेळेत कुणी काढायचे नाहीत. ऐकायला बाळबोध वाटतं, पण निम्म्या गोष्टी एरवी दिसतच नाहीत. त्यानंतर ज्याला जे वाटतं ते सांगायचं आणि बाकीच्यांनी एकच विचारायचं: ‘कशावरून?’

‘जून’ तिथे ठेवला तेव्हा एक काकू म्हणाल्या, पोर आत गेलंय अंग पुसायला, आता भजी होणार. पाण्यावरून. एका निवृत्त गृहस्थांनी बराच वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं, ‘कुणाचा हो?’ त्यांना ते मूल हयात नाही असं वाटलं होतं. घड्यांवरून. आणि एक मुलगी म्हणाली, ‘आईने हौसेने आणला, पोराने हट्टाने घातलाच नाही, आणि आईच तो डोक्यावर धरून भिजत घरी आली.’ हे माझ्या मनातही नव्हतं. पण पाणी आणि घड्या दोन्हींचा हिशेब त्या एका वाचनातच लागत होता, म्हणून माझ्या वाचनापेक्षा तेच सरस. फोटो माझा असला तरी अर्थाच्या बाबतीत मला एकच मत.

‘ज्याला जे दिसेल ते बरोबर’ हे मात्र मला मान्य नाही. चौकटीतल्या जास्त गोष्टींना सामावून घेतं ते वाचन चांगलं. एखादी गोष्ट दिसलीच नाही असं धरल्याशिवाय जे टिकत नाही, ते कच्चं. अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त ‘सूर्य मावळला’ एवढंच वाक्य घेऊन दाखवलंय. गुराख्याला ते ऐकून गुरं घराकडे वळवावीशी वाटतात, व्यापारी माल आवरायला घेतो, संध्या करणारा उठतो, प्रियकराकडे निघालेली निघते. ऐकणारा बदलला की अर्थ बदलतो, पण ‘सूर्य उगवला’ असं त्यातलं कुणीच ऐकत नाही.

आता तुमची खुर्ची. चपला ठेवा, पण फिरवा. पुढची टोकं पाण्याकडे नकोत, खुर्चीकडे करा, आणि खुर्चीची बैठक ओली ठेवा. मग कुणीतरी पाण्यात गेलं की पाण्यातून वर आलं, हा प्रश्न खऱ्या अर्थाने दोन बाजूंनी ओढला जाईल. दुसरा प्रयोग म्हणून चपला काढून टाकून खुर्चीचं तोंड पाण्याकडून वळवून झाडांकडे करून पाहा. लाल रंग फार ओरडत असेल तर सोसायटीत असते तशी पांढरी खुर्ची घ्या. एक कळकळीची विनंती: पहाटे फिरायला येणारे लोक त्या काठावर असतात. रिकामी खुर्ची आणि चपला पाहून एखादा खरोखर घाबरून धावत येईल, तेव्हा सोबत कुणाला तरी उभं ठेवा आणि विचारणाऱ्याला लगेच सांगा.

स्पर्धेला संकल्पनेच्या चार ओळी मागतात, तिथे अर्थ लिहू नका. काय ठेवलंय, कुठे आणि कोणत्या वेळी, एवढंच लिहा. परीक्षकांना तेवढं पुरेल की नाही ते त्या-त्या परीक्षकांवर आहे, ते आपल्या हातात नाही.

आणि तुम्ही जोडलेला फोटो मी मोठा करून पाहिला. खुर्चीच्या मागच्या उजव्या पायाजवळ जमिनीवर एक ओली रेघ आहे, ती चौकटीबाहेर उजवीकडे जाते. तुम्ही ती मुद्दाम केलेली दिसत नाही. मूळ फाइल शिल्लक असेल तर उजवी बाजू कापण्याआधी ती कुठवर गेलीय, ते एकदा बघा.