आपल्या जेवणातील कोणते पदार्थ कुत्र्याला देणे सुरक्षित आहे?

मीठ-मसाला न घालता शिजवलेले, हाडे काढलेले चिकन, पूर्ण उकडलेले अंडे, साधा भात, शिजवलेला भोपळा, गाजर आणि बिया काढलेले सफरचंद हे पदार्थ निरोगी प्रौढ कुत्र्याला थोड्या प्रमाणात देता येतात. धोका बहुतेक वेळा मूळ पदार्थात नसून त्यात मिसळलेल्या गोष्टींत असतो. कांदा व लसूण यांतील गंधकयुक्त संयुगे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींची मोडतोड करतात आणि शिजवल्याने किंवा वाळवून पूड केल्यानेही ती निरुपद्रवी होत नाहीत. त्यामुळे कांद्यात शिजलेला चिकनचा तुकडा पाण्याखाली धुऊन देणे (हा उपाय बरेच जण करतात) पुरेसे नाही. द्राक्षे, मनुका, चॉकलेट तसेच झायलिटॉल हा गोडी आणणारा घटक असलेले काहीही अजिबात देऊ नये. काही पीनट बटरमध्येही तो असतो, म्हणून डब्यावरील घटकांची यादी आधी वाचावी. असा वरचा खाऊ दिवसभराच्या एकूण उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवावा, असा पशुवैद्यकांचा सर्वसाधारण सल्ला असतो. मात्र कुत्र्याला मधुमेह किंवा स्वादुपिंडाचा अथवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास वरील पदार्थही पशुवैद्यकांना विचारूनच द्यावेत.