सांती काझोर्ला ३८व्या वर्षी किमान पगारावर ओव्हिएदोला का परतला? मीही पस्तिशीला आलोय, जुन्या क्लबचं बोलावणं आलंय, जावं का?

प्रश्नाखाली तुम्ही 'असे निर्णय भावनेच्या भरात घेतले जातात ना?' असं विचारलंय, म्हणून लिहायला बसलो. चार वर्षांपूर्वी माझ्या दादानं मला हेच ऐकवलं होतं.

स्पेनचा फुटबॉलपटू काझोर्ला भावनेच्या भरात गेला नाही. त्याच्या मनात ते वीस वर्षं होतं. तो उत्तर स्पेनच्या अस्तुरियासमधल्या यानेराचा, तिथल्याच ओव्हिएदो क्लबच्या अकादमीत घडलेला. २००३ साली क्लब दिवाळखोरीच्या दारात होता, खेळाडूंचे पगार थकले आणि संघ थेट चौथ्या श्रेणीत ढकलला गेला. अठरा वर्षांचं पोरगं व्हियारेयाल या दुसऱ्या स्पॅनिश क्लबला गेलं. ओव्हिएदोच्या मुख्य संघाचा शर्ट एकदाही अंगावर चढला नाही. पुढचं तुम्हाला माहीत असेलच: स्पेनबरोबर जिंकलेला २००८ आणि २०१२चा युरो चषक, मालागा क्लब, मग इंग्लंडचा आर्सेनल, २०१४च्या एफए कप या इंग्लिश स्पर्धेच्या फायनलमध्ये हलविरुद्ध ०-२ असताना मारलेली ती फ्री किक. पण २०१२ साली ओव्हिएदो पुन्हा बुडायला लागला, चाहत्यांनी जगभरातून शेअर घेऊन तो वाचवला, तेव्हा आर्सेनलमध्ये नुकत्याच गेलेल्या काझोर्लानंही शेअर घेतले होते. ज्याला नुसता उमाळा येतो तो दोन दिवसांत विसरतो. हा अकरा वर्षांनी स्वतः आला.

आता माझं. मी कोल्हापूरचा. इथं फुटबॉल पेठेचा असतो, तालमीचा असतो, हे बाहेरच्याला समजावून सांगायला मला जमणार नाही. आमच्या तालमीतले आप्पा पहाटे दुधाळी मैदानावर आम्हा पोरांना न्यायचे. मी उजव्या पायाचा. आप्पांनी माझा उजवा बूट काढून घेतला आणि आख्खा एक उन्हाळा फक्त डाव्या पायानं खेळायला लावलं. दोन्ही पायांनी कॉर्नर मारणारा काझोर्ला पहिल्यांदा टीव्हीवर बघितला, तेव्हा मला आप्पाच आठवले.

विसाव्या वर्षी वडिलांचं काम सुटलं. दुसऱ्या पेठेच्या संघानं चांगलं मानधन देऊ केलं आणि मी गेलो. त्याची मला लाज नाही, घरात पैसे हवे होते. पहिलाच सामना शाहू स्टेडियमवर आमच्याच तालमीशी पडला. मी गोल केला आणि हात वर केला नाही. गॅलरीत माझी शाळेतली मित्रमंडळी बसली होती, त्यातला एकही त्या संध्याकाळी भेटायला आला नाही. बारा-तेरा हंगाम बाहेर काढले. पैसे मिळाले, घराला वरचा मजला झाला. पण आमच्या संघाचा सामना असला की मी निकाल विचारायचो, तोही चोरून.

तेहतिसाव्या वर्षी तालमीत जाऊन सांगितलं, मला मानधन नको, घेताय का? आप्पांनी फक्त विचारलं, "पायात जोर हाय का अजून?" घरी दादा भडकला. "पेठ पोटाला घालती का? दोन हंगाम अजून पैसे मिळतील, ते सोडून कुठं निघालास?" आम्ही सहा महिने नीट बोललो नाही.

दादाचा दुसरा मुद्दा असा की काझोर्लानं आधी करोडो कमावले, मग घरी आला, त्यात काय मोठं? मला हे पटत नाही. पैसा असणाऱ्यालाही दुखतं. २०१६च्या ऑक्टोबरात बल्गेरियाच्या लुडोगोरेट्सविरुद्धच्या सामन्यानंतर त्याच्या घोट्याच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला, टाचेमागच्या शिरेचे (अकिलीस टेंडन) आठेक सेंटिमीटर जंतूंनी खाल्ले. शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. हातावर मुलीच्या नावाचं गोंदण होतं, तिथली कातडी काढून घोट्यावर लावली. मुलाबरोबर बागेत चालता आलं तरी समाधान मान, असं डॉक्टरांनी सांगितलेला हा माणूस. त्यानंतर तो व्हियारेयालकडून खेळला, स्पेनच्या संघात परतला, कतारला अल सादकडून खेळला. ३८व्या वर्षी ओव्हिएदोत फुकट खेळायलाही तयार होता. नियमात बसत नाही म्हणून किमान पगार घेतला, आणि शर्टविक्रीतला दहा टक्के वाटा अकादमीच्या पोरांसाठी ठेवायला लावला. तो घोटा घेऊन कोणी हौस म्हणून दुसऱ्या श्रेणीत धावत नाही.

पहिल्या वर्षी वरच्या श्रेणीत जाण्यासाठीच्या प्लेऑफच्या फायनलमध्ये एस्पान्योलकडून हरले. २०२५च्या जूनमध्ये पुन्हा फायनल, मिरांदेसविरुद्ध, दोन सामन्यांतल्या गोलांची बेरीज धरून. पहिला सामना ०-१ हरलेला. परतीच्या सामन्यात ओव्हिएदोच्या घरच्या कार्लोस तार्तिएरे मैदानावर पाहुण्यांनी आणखी एक गोल चढवला. पेनल्टी मिळाली, ती चाळिशीच्या काझोर्लानं मारली. जादा वेळेत ३-१ झालं आणि २४ वर्षांनी ओव्हिएदो ला लिगात, म्हणजे स्पेनच्या पहिल्या श्रेणीत गेला. आपल्याकडे रात्रीचे तीन वाजत आले होते. मी दादाला फोन लावला, त्यानं उचलला नाही. सकाळी त्यानं स्वतःहून केला आणि म्हणाला, "बघितलं." एवढंच. मला तेवढं पुरलं.

तुमचं उत्तर: जा. मात्र घर त्या मानधनावर चालत असेल तर जाऊ नका. माझी तेव्हा नोकरी होती, हे आधीच सांगायला हवं होतं. घोटा, गुडघा दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. काझोर्लासारखे उपचार तुम्हाला-मला मिळणार नाहीत, तिथं दादा बरोबर होता. आणि मधल्या फळीत तुमच्या जागेवर कोण पोरगं खेळतंय ते विचारून घ्या. मी आमच्या संघात बहुतेक वेळा शेवटची वीस मिनिटं खेळलो. पहिल्यापासून तिथं एक एकोणीस वर्षांचा खेळायचा, त्याचा डावा पाय कच्चा होता. पहाटे दुधाळीवर त्याचा उजवा बूट मी काढून घ्यायचो.