आय३ काढून आय७ बसवण्याआधी
अमळनेरच्या सदस्यांनी विचारले आहे की, त्यांच्या टंकलेखन केंद्रातील एच६१ चिपसेटच्या मदरबोर्डवर इंटेलच्या आय३-२१२० प्रोसेसरऐवजी जुना आय७-३७७० बसेल का आणि त्याने काम वेगाने होईल का. दोन्हींचे सॉकेट, म्हणजे बोर्डावरील प्रोसेसरची बैठक, एलजीए ११५५ हेच असल्यामुळे तो बसतो. मात्र चौथ्या पिढीचा प्रोसेसर कोणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नये, कारण २०१३ पासून सॉकेट ११५० झाले.

खरी अडचण बायोसची, म्हणजे संगणक सुरू होताना बोर्डावर सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामची आहे. एच६१ बोर्ड २०११ मध्ये दुसऱ्या पिढीसाठी आले आणि ३७७० हा २०१२ मधील तिसऱ्या पिढीचा, त्यामुळे सुरुवातीच्या बोर्डांना तो नवीन बायोसशिवाय ओळखताच येत नाही. मी स्वतः थेट प्रोसेसर बदलून मोकळा झालो होतो. पंखा फिरत होता, पडदा मात्र काळाच, आणि रॅमच्या पट्ट्या काढून पुसण्यात दोन दिवस घालवल्यावर जुना आय३ परत बसवून बायोस चढवावे लागले. म्हणून बोर्डाच्या निर्मात्याच्या यादीत आपल्या बोर्डासमोर ३७७० आहे का ते आधी पाहावे, आणि जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस चढवावे, तेही यूपीएसवर. मध्येच वीज गेली तर बोर्ड कामातून जातो.

आय३ ६५ वॅटचा, तर ३७७० हा ७७ वॅटचा आहे. हा फरक थोडा वाटला तरी आपल्याकडच्या मे महिन्यात तो जाणवतो. एका जिनिंगमधील संगणकाचा पंखा मी उतरवला, तेव्हा प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या धातूच्या पात्यांमध्ये कापसाच्या तंतूंचा आणि धुळीचा एवढा घट्ट थर होता की तो चिमट्याने अखंड निघाला. तेव्हा हीटसिंक स्वच्छ करावे, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली वाळलेली पेस्ट पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावावी आणि पंख्याच्या खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दाबाव्यात. पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये आहेत आणि त्या केसासारख्या बारीक असतात, म्हणून प्रोसेसर सरळ वर उचलावा.

तरीही टंकलेखनासाठी मी आय७ घेणार नाही. संगणकात अजून हार्ड डिस्क असेल, तर चार कोरचा आय५-३४७० घेऊन उरलेल्या पैशांत एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवावी. एच६१ वर डिस्क जोडण्याच्या साटा जोडणीचा वेग सेकंदाला ३ गिगाबिटच असला तरी फरक पहिल्याच सुरुवातीला दिसतो. विंडोज ११ साठी मात्र यांपैकी काहीच अधिकृतपणे चालणार नाही, कारण इंटेल प्रोसेसरांची मायक्रोसॉफ्टची अधिकृत यादी, मोजके अपवाद सोडता, आठव्या पिढीपासून सुरू होते.