चेलो घेऊन ब्रिटनला यायचंय म्हणताय, तर थोडं ऐका

तुम्ही विचारलंय की चेलो वाजवून आणि शिकवून ब्रिटनमध्ये घर चालेल का, आणि सहा वर्षांच्या मुलीला आत्ताच सोबत आणावं का. फी, फॉर्म, बँक स्टेटमेंट हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी परत टाइप करत बसत नाही. फक्त एक ओळ दोनदा वाचा. स्टुडंट व्हिसावर फ्रीलान्स काम चालत नाही, आणि आपल्याकडे फ्रीलान्स सोडून दुसरं असतं काय? कुणाच्या लग्नात जाऊन चौघांनी मिळून क्वार्टेट वाजवलं तरी ते फ्रीलान्सच. ग्लोबल टॅलेंट व्हिसावर मोकळीक असते पण त्याला सहसा आर्ट्स कौन्सिल इंग्लंड या कलासंस्थेचं एंडोर्समेंट, म्हणजे शिफारस, लागतं.

बोच्या, म्हणजे चेलो वाजवायच्या गजाच्या, टोकाला नखाएवढी पांढरी पट्टी असते ना, ती कशाची आहे हे मेकरकडून लिहून घ्या. जुन्या बोला हस्तिदंत असू शकतो आणि मग सायटीसचे, म्हणजे दुर्मिळ प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, कागद लागतात. माझी हाडाची होती, पण तसं लिहिलेलं कुठेच नव्हतं, त्यामुळे एका विमानतळावर दोन तास मी त्या पट्टीकडे आणि तो अधिकारी माझ्याकडे बघत बसला होता. हसू नका, तेव्हा रडू येत होतं.

आता कामाचं. इथे ऑर्केस्ट्रात ऑडिशन चांगली झाली म्हणजे नोकरी लागली असं नसतं, मग ट्रायल सुरू होते. अधूनमधून बोलावतात, वाजवून घेतात, सेक्शनमध्ये जमतंय का बघतात, कधी काही महिने तर कधी वर्षं. आणि नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणत नाहीत, फोन यायचे थांबतात. माझी दीड वर्ष चालली आणि त्यातच डावा अंगठा दुखायला लागला.

मी लपवलं. इंटरव्हलला बाथरूममध्ये जाऊन गरम पाण्याखाली हात धरायचे, कुणी आलं की उगाच साबण लावायचे. वाटायचं, हात खराब आहे असं एकदा कळलं की पुढचा फोन दुसऱ्याला जाणार. बापाम म्हणून कलाकारांच्या तब्येतीसाठी संस्था आहे, १९८४ पासून, तपासणी फुकट होते, हे मला माहीत होतं. तरी आठ महिने गेले नाही. शेवटी गेले तर त्यांनी वाजवायला लावलं आणि दोन मिनिटांत विचारलं, चेलोच्या नेकला, म्हणजे मानेला, अंगठ्याने एवढं आवळता कशाला? पोरांना दिवसातून वीस वेळा 'अंगठा सैल' सांगणारी बाई मी! नंतर कुठेतरी वाचलं की १९८८ साली छापून आलेल्या एका अमेरिकन पाहणीत २,२१२ ऑर्केस्ट्रा वादकांपैकी ७६ टक्के लोकांना वाजवण्यावर परिणाम होईल असं निदान एक तरी दुखणं होतं. म्हणजे त्या बाथरूममध्ये साबण लावणारी मी एकटीच नसणार. तोवर ट्रायल संपली होती.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. सराव तसाही एकट्यानेच करायचा असतो.

शिकवण्याचं काम मिळतं, पण डीबीएस चेक, म्हणजे मुलांसोबत काम करायच्या आधीची गुन्हे-नोंदीची सरकारी तपासणी, डोकं खाते. पाच वर्षांचे सगळे पत्ते द्या, आणि मी अपडेट सर्व्हिस, म्हणजे तोच चेक पुढच्या ठिकाणीही चालावा म्हणून करायची नोंदणी, वेळेत घेतली नाही म्हणून तीन शाळांसाठी तीनदा तेच. तुम्ही पहिल्याच वेळी घ्या. बरं, शाळेत लेसन असतो अर्ध्या तासाचा, पोराला चालू वर्गातून उठवून आणायचं, दर आठवड्याला वेगळा तास म्हणजे एकच विषय बुडायला नको. माझी मुलगी दुसऱ्या शाळेत चेलोच्या वेटिंग लिस्टवर वर्षभर होती, नंबर लागला तेव्हा तिचा लेसन दर वेळी गणितातच टाकला, गणिताच्या बाई वैतागल्या आणि माझ्या न कळत तिचं नाव काढलं. मला टर्म संपल्यावर कळलं, तेही बिल आलं नाही म्हणून. तेव्हा मी शहराच्या दुसऱ्या टोकाला लोकांच्या पोरांची बोटं सरळ करत होते. घरी मीच शिकवू म्हटलं, पण संध्याकाळी माझा अंगठा नको म्हणायचा आणि हे तिला सांगितलं नाही, तिला वाटलं आईला कंटाळा येतो. आता ती सतरा वर्षांची आहे. विषय काढला की म्हणते, जाऊ दे गं.

मुलीला आणा. सहा वर्षांची म्हणजे क्वार्टर साइज, लहान मुलांचा छोटा चेलो, लागेल, इथे भाड्याने मिळतो. माझ्याकडे हाफ साइज पडून आहे, पण तो मी देणार नाही.