१९व्या शतकात आफ्रिकेच्या आडगावांत राहणाऱ्या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या बायकामुलांचं आयुष्य कसं होतं? ती तिथे स्वखुशीने राहत होती का?

मिशन म्हणजे मुळात एक संसार होता आणि तो बायकांनी ओढला, हे माझं स्पष्ट मत. पुस्तकांत मुखपृष्ठावर नवऱ्याचा फोटो असतो आणि बायको 'सोबत गेली' एवढ्यावर आटपते, याचा मला मनापासून राग येतो.

आफ्रिका खंड अफाट, म्हणून मी एकाच घराण्याबद्दल लिहितो. दक्षिण आफ्रिकेतल्या कुरुमानचे मोफॅट, त्यांची थोरली लेक मेरी आणि जावई डेव्हिड लिव्हिंगस्टन. या लोकांनी पत्रं आणि रोजनिश्या भरपूर लिहिल्या, त्यामुळे चूल-पाळण्यापर्यंतचं सगळं कळतं.

रॉबर्ट मोफॅट हा स्कॉटलंडचा माळीकाम करणारा तरुण. लंडन मिशनरी सोसायटीने त्याला १८१६ मध्ये आफ्रिकेला पाठवलं. त्याची ठरलेली बायको मेरी स्मिथ हिच्या आईवडिलांचा सुरुवातीला साफ नकार होता. १८१९ च्या डिसेंबरात ती केपटाउनला पोचली, तिथेच लग्न झालं, आणि पुढची जवळजवळ ५० वर्षं त्या दोघांनी त्स्वाना लोकांमध्ये काढली. दहा मुलं झाली, त्यातली सात मोठी होईपर्यंत जगली.

केपटाउनहून कुरुमानला जायचं म्हणजे बैल जुंपलेल्या मोठाल्या गाड्यांतून आठवड्यांमागून आठवडे प्रवास. कापड, चहा, साखर, औषधं सगळं त्याच वाटेने यायचं. बाकीचं घरीच करायचं. मेरी मोफॅटचं एक पत्र मला फार आवडतं. त्यात ती सांगते की आम्ही खोल्यांची जमीन आठवड्यातून एकदा शेणाने सारवतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला किळस आली होती, हे आपण करायचं नाही असं तिने ठरवलंही होतं. पण थोड्याच दिवसांत तिला शनिवार कधी येतो असं व्हायला लागलं, कारण धूळ बसते, पिसवा मरतात आणि जमीन छान हिरवट दिसते. इंग्लंडमध्ये वाढलेली ही बाई हे तिथल्या बायकांना शिकवत नव्हती, स्वतः शिकत होती.

पहिली काही वर्षं कठीण गेली. पाऊस नाही, पाटाचं पाणी गावातल्या बायका वरच्या अंगाला आपल्या मळ्यांकडे वळवून घ्यायच्या, आणि १८२९ पर्यंत बाप्तिस्मा घ्यायला जवळजवळ कोणी तयार नव्हतं. एकदा प्रार्थनेला निघताना मेरीने स्वयंपाकघरात बसलेल्या एका बाईला बाहेर जायची विनंती केली, तर तिने लाकडाचा ओंडकाच उगारला. मेरी घर तसंच तिच्या ताब्यात टाकून प्रार्थनेला पळाली. मला यात त्या बाईचाही राग येत नाही. न बोलावता येऊन राहिलेल्या परक्यांचं घर होतं ते.

लेक मेरी १८२१ मध्ये आफ्रिकेतच जन्मली. सेत्स्वाना, म्हणजे त्स्वाना लोकांची भाषा, तिला अगदी घरच्यासारखी यायची. १८४५ मध्ये तिचं लिव्हिंगस्टनशी लग्न झालं आणि आजच्या बोत्स्वानामधल्या कोलोबेंगला त्यांचं बिऱ्हाड स्थिरावलं. तिथला दिवस कसा जायचा हे त्यानेच लिहून ठेवलंय. पहाटे उठून प्रार्थना, सहा-सातच्या सुमारास न्याहारी, मग येतील त्या सगळ्यांची शाळा, पुरुष, बायका, मुलं. लोणी घरी काढायचं, मेणबत्त्या घरी ओतायच्या. साबण राखेपासून, आणि त्या राखेत खार इतका कमी की ती महिना-दीड महिना उकळत ठेवावी लागे. पाव भाजायला वारुळात पोकळी करून ती तापवायची. दुपारचं ऊन उतरलं की मेरी लहान मुलांची शाळा घ्यायची, साठ ते शंभर पोरं जमायची. दुष्काळात टोळ खाल्ले, मोठाले बेडूक खाल्ले, आणि बेडूक तर मुलांना आवडायचे.

याच गावात एक गोष्ट घडली जी मिशनच्या गौरवकथांमध्ये घाईने उरकली जाते. क्वेना टोळीचा राजा सेचेले याला बाप्तिस्मा हवा होता आणि त्याला पाच बायका होत्या. एक ठेवून बाकी चौघींना त्याने माहेरी पाठवलं आणि १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्या चौघींचा काय दोष होता? त्यातल्या काही शाळेत हुशार म्हणून नावाजलेल्या होत्या. पुढे त्यातल्या एकीला सेचेलेपासून दिवस गेले तेव्हा लिव्हिंगस्टनने त्याला चर्चच्या मंडळीतून दूर केलं. एक संसार उभा राहताना दुसरे मोडले, हे मिशनरी कुटुंबांबद्दल बोलताना सांगायलाच हवं.

आता प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो, स्वखुशीने की नाही. १८५० मध्ये लिव्हिंगस्टन गरोदर बायको आणि तीन मुलांना घेऊन कालाहारी ओलांडून न्गामी सरोवराकडे गेला. मुलं तापाने फणफणली. परतल्यावर मेरी बाळंत झाली, मुलगी सहा आठवड्यांत गेली आणि मेरीच्या अर्ध्या चेहऱ्याला लकवा मारला. पुढच्याच वर्षी, पुन्हा गरोदर असताना, तो तिला परत घेऊन निघाला! तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे मेरी मोफॅट यांनी, जावयाला पत्र लिहिलं. एक लेकरू गमावलं, बाकीची जेमतेम वाचली, आई आजारी होऊन आली, एवढं पुरलं नाही का. पोटुशी बाई आणि तीन पोरं पुरुषांच्या तांड्यामागून फरपटत नेता, जग याला क्रूरपणाच म्हणेल, असा त्याचा आशय. जावयाने ते पत्र स्वतःच्या रोजनिशीत उतरवून ठेवलं, आणि गेला तो गेलाच.

त्या प्रवासात पाणी संपलं. मुलं तहानेने रडत होती. मेरी एक शब्द टोचून बोलली नाही, फक्त डोळे भरून आले होते, हे त्यानेच लिहिलंय. पाचव्या दिवशी माणसं पाणी घेऊन आली. त्याच सप्टेंबरात नदीकाठी तिला मुलगा झाला.

१८५२ मध्ये त्याने तिला चार मुलांसह केपटाउनहून ब्रिटनला पाठवून दिलं आणि स्वतः पश्चिम किनाऱ्याकडे, मग पूर्व किनाऱ्याकडे चालत गेला. ज्या प्रवासाने तो जगप्रसिद्ध झाला त्या साडेचार वर्षांत ती पैशांच्या ओढाताणीत इथून तिथे बिऱ्हाडं बदलत होती. सासरच्यांशी पटलं नाही, दारूचाही आधार घ्यावा लागला. तिला यावरून नावं ठेवणाऱ्यांनी आधी तिचं जन्मगाव पाहावं. स्कॉटलंड हा तिच्यासाठी परमुलूख होता. १८६२ मध्ये ती झांबेझी नदीवर नवऱ्याकडे परत आली आणि काही महिन्यांतच, २७ एप्रिलला, शुपांगा इथे तापाने गेली. वय ४१. थोरला मुलगा रॉबर्ट वडिलांपासून तुटून अमेरिकेत गेला, तिथल्या यादवी युद्धात खोट्या नावाने उत्तरेच्या फौजेत भरती झाला आणि १८६४ मध्ये युद्धकैदी म्हणून मेला. मुलांबरोबर खेळायला दिवसाअखेरी अंगात त्राण उरत नसे, याची खंत लिव्हिंगस्टनला पुढे लागून राहिली होती.

तापाचं कारण तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. डास आणि मलेरियाचा संबंध रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत १८९७ मध्ये दाखवला. त्याआधी कालाहारीच्या उत्तरेला लिन्यांती या गावी १८६० मध्ये हेल्मोर आणि प्राइस ही दोन मिशनरी कुटुंबं राहायला गेली, त्यातले हेल्मोर नवराबायको, त्यांच्या चारपैकी दोन मुलं, प्राइसची बायको आणि तान्हं मूल, सगळे काही महिन्यांत संपले. जी मुलं जगत त्यांना शिकायला इंग्लंडला पाठवत. मिशनऱ्यांच्या मुलींसाठी १८३८ मध्ये आणि मुलांसाठी १८४२ मध्ये लंडनजवळ वॉल्थमस्टोला खास शाळा निघाल्या. सात-आठ वर्षांचं मूल जहाजावर चढवायचं आणि पुन्हा भेट कधी, याचा भरवसा नाही. मला विचाराल तर तापापेक्षा हे जास्त जीवघेणं होतं.

मी नाशिकचा, म्हणून आणखी एक सांगतो. मिशनरी कुटुंब म्हटलं की गोरंच डोळ्यांपुढे येतं. पण मिशनच्या ज्या शरणपूर वस्तीमुळे आमच्या शरणपूर रोडला नाव पडलं, तिथे गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकायची, सुतारकाम-लोहारकाम शिकायची. त्यातले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर १८६४ मध्ये मोंबासाजवळच्या राबाईला गेले आणि तिथेच संसार करून राहिले. १८८५ मध्ये युगांडाच्या वाटेवर इंग्रज बिशप हॅनिंग्टन मारला गेल्यावर उरलेल्या तांड्याला सुखरूप परत आणणारा हाच जोन्स. लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या प्रवासातला जेकब वेनराइटही नाशिकलाच शिकलेला. या घरांबद्दल मराठीत कोणीतरी नीट लिहायला हवं.

तर, स्वखुशीने का? आईबद्दल, म्हणजे मेरी मोफॅटबद्दल, मी बिनदिक्कत हो म्हणेन. लिव्हिंगस्टनच्या बायकोबद्दल नाही म्हणेन; तिला आफ्रिका हवी होती, पण घर असलेली. आणि तिची धाकटी बहीण एलिझाबेथ, म्हणजे बेसी, हिचं उत्तर मला सगळ्यात बोलकं वाटतं. ती १८३९ मध्ये केपटाउनच्या बंदरात जहाजावर जन्मली, त्याच दिवसांत तिचा सहा वर्षांचा भाऊ त्याच जहाजावर गोवराने गेला. काय किंमत पडते हे तिने जन्मापासून घरात पाहिलं होतं. तरी १८६१ मध्ये तिने लग्न केलं ते लिन्यांतीच्या मोहिमेत बायको-मूल गमावून आलेल्या रॉजर प्राइसशी, आणि त्याच्याबरोबर ती सेचेलेच्याच लोकांत राहायला गेली. चौदा मुलं झाली, आणि त्या सगळ्या गडबडीत ती रोजनिशी लिहीत राहिली. तुम्हाला या विषयात पुढे वाचायचं असेल तर नवऱ्यांच्या प्रवासवर्णनांच्या आधी ती रोजनिशी मिळवा.