ट्रायपॉड : नळी टिकते, सांधा दगा देतो

प्रश्न : ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड जड होतो म्हणून कार्बन फायबरचा घ्यायचा आहे. दहा-बारा वर्षं टिकावा एवढीच अपेक्षा. जाहिरातींत ‘आठ थर’, ‘दहा थर’, ‘२५ किलो क्षमता’ असे आकडे असतात. त्यातलं नेमकं काय पाहायचं?

उत्तर : हे दोन्ही आकडे बाजूला ठेवलेत तरी काही बिघडत नाही. थर म्हणजे नळीच्या भिंतीतले कार्बनच्या धाग्यांचे पदर. काही धागे लांबीच्या दिशेने असतात, ते वाकण्याला विरोध करतात. काही तिरपे असतात, ते पिळाला विरोध करतात. किती थर आहेत यापेक्षा ते कोणत्या दिशेने घातलेत याला महत्त्व आहे, आणि ते खोक्यावर छापलेलं नसतं. किलोचा आकडा जो तो आपल्या पद्धतीने मोजतो. पायाच्या एकात एक सरकणाऱ्या नळ्या जागेवर धरतं ते लॉक. बहुतेक वेळा किलोच्या आकड्याचा अर्थ ‘एवढ्या वजनाला लॉक घसरत नाही’ एवढाच. २५ किलो पेलणारे पाय दोन किलोच्या लेन्सखाली डुगडुगू शकतात.

पाहायचा तो नळीचा व्यास. पातळ भिंतीच्या नळीचा ताठपणा, भिंतीची जाडी तीच धरली तर, व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे २५ मिमीच्या जागी ३२ मिमीची नळी घेतली की ताठपणा साधारण दुप्पट होतो. छोटा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आणि ७०-२०० मिमीपर्यंतच्या लेन्सला (हा आकडा लेन्सच्या फोकल लेंथचा, नळीचा नाही) वरची नळी २५ ते २८ मिमी पुरते. १००-४०० किंवा १५०-६०० साठी ३२ मिमी घ्या. ५०० किंवा ६०० मिमीच्या मोठ्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सला ३६ मिमी किंवा अधिक.

पण विक्रेता सांगतो तो व्यास सगळ्यात वरच्या नळीचा. हलते ती सगळ्यात खालची. प्रत्येक टप्प्याला नळी साधारण तीन-साडेतीन मिमीने बारीक होते. वरची नळी २८ ची असेल, तर तीन भागांच्या पायात शेवटची २२ ची, चार भागांत १९ ची आणि पाच भागांत १६ ची. २२ ची नळी १९ च्या दीडपट ताठ असते आणि १६ च्या अडीचपटीहून जास्त. शिवाय भाग वाढला की प्रत्येक पायाला एक लॉक वाढतं, आणि ट्रायपॉड म्हातारा होतो तो लॉकमध्ये. टिकाऊपणा हवा असेल तर तीन भागांचा घ्या. बॅगेत मावतच नसेल तर चार. पाच भागांचा फक्त प्रवासापुरता.

वजनाबद्दलही आधीच हिशोब करून ठेवा. कार्बनच्या नळीची घनता साधारण १.६ ग्रॅम प्रति घनसेंमी, ॲल्युमिनियमची २.७. तरीही अख्खा ट्रायपॉड फार तर पाव हिश्श्याने हलका होतो, कारण तिन्ही पाय जिथे जोडलेले असतात तो वरचा ओतीव सांगाडा, स्क्रू आणि कॅमेरा ज्यावर बसतो ते हेड धातूचेच राहतात. तेवढ्याच उंचीचा ट्रायपॉड निम्म्या वजनात मिळत असेल, तर नळ्याही बारीक केल्या आहेत असं समजा. कार्बनचा खरा फायदा आहे तो थरथर लवकर विरण्यात, आणि कडक थंडीत पाय हाताला चटका देत नाहीत त्यात.

उंची मोजताना सेंटर कॉलम, म्हणजे मधली वर-खाली होणारी दांडी, धरू नका. तुमची उंची १७० सेंमी असेल तर डोळा साधारण १५८ वर येतो. त्यातून हेडचे १० आणि कॅमेऱ्याच्या तळापासून व्ह्यूफाइंडरपर्यंतचे ८ सेंमी वजा करा. कॉलम खाली असताना पायांची उंची १४० सेंमी भरली की काम झालं. उतारावर काम करायचं असेल तर १५ सेंमी जास्त ठेवा. कॉलम वर काढला की तीन पायांच्या डोक्यावर एक पाय उभा राहतो. आमचं मत विचाराल तर कॉलम नसलेलाच घ्या.

प्रश्न : दुकानात हातात घेतल्यावर चांगला-वाईट कसा ओळखायचा?

उत्तर : सगळे भाग बाहेर काढून उभा करा. लॉक नेहमीच्या हाताने पिळा, दात-ओठ खाऊन नाही. मग दोन्ही तळवे वरच्या सांगाड्यावर ठेवून हळूहळू अंगाचा भार द्या. एकही भाग घसरता कामा नये.

आता सांगाडा धरून डावी-उजवीकडे पिळा. थोडा पीळ सगळेच खातात. खेळ कुठे आहे ते शोधा. एक बोट सांध्यावर असं ठेवा की निम्मं वरच्या तुकड्यावर, निम्मं खालच्या तुकड्यावर टेकेल. दोन तुकडे एकमेकांत सरकत असतील तर डोळ्याला न दिसणारी हालचालही बोटाला कळते. पाय जिथे सांगाड्याला जोडलेत तिथला खेळ बोल्ट आवळून जातो. लॉकमधला खेळ बहुधा आतली प्लॅस्टिकची पट्टी बदलून जातो. मात्र नळी ज्या धातूच्या टोपणात इपॉक्सीने (कडक होणाऱ्या गोंदाने) चिकटवलेली असते तिथे हालचाल जाणवली, किंवा पिळताना ‘कट्’ असा बारीक आवाज आला, तर ट्रायपॉड तिथेच परत ठेवा. कार्बनची नळी वर्षानुवर्षं टिकते. सुटतो तो हा चिकटवलेला जोड.

पायाच्या कोनाचे खटके प्रत्येक टप्प्यावर पूर्ण बसतात का पाहा. अर्धवट बसलेल्या खटक्यावर भार आला की ओतीव सांगाड्याचा कान तुटतो, आणि तो दुरुस्त होत नाही. पाय आडवा धरून सोडा. तो सावकाश खाली यावा. धाडकन पडत असेल तर बोल्ट सैल आहे.

शेवटची परीक्षा तुमच्या सगळ्यात लांब लेन्सने. लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं थेट चित्र) दहापट मोठा करा, पायावर बोटाने टिचकी मारा आणि चित्र स्थिर व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. एका सेकंदाच्या आत थांबलं तर छान. तीन सेकंद डोलत राहिलं तर त्या लेन्सला तो ट्रायपॉड अपुरा आहे. निघताना एवढं विचारा : पट्ट्या, लॉकच्या कड्या, रबरी तळवे आणि पायाचा एकेक भाग सुटा मिळतो का? नाही म्हणाले, तर दहा वर्षांची आशा सोडा.

प्रश्न : समुद्रकिनारी दोन-तीनदा वापरल्यावर ट्विस्ट लॉक (कडी पिळून आवळायची लॉकं) करकरतात आणि कडीच्या आत पांढरी भुकटी जमली आहे. कार्बनला गंज लागतो का?

उत्तर : कार्बनला लागत नाही, त्याच्या शेजाऱ्याला लागतो. कार्बन वीजवाहक आहे. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेले असताना मध्ये खारं पाणी आलं की तिथे एक छोटा विद्युतघटच तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पांढरी भुकटी ती त्याचीच. हीच भुकटी चिकटवलेल्या टोपणात धरली की फुगून इपॉक्सीचा जोड उचलते. म्हणून करकर ही नुसती कुरकुर समजू नका.

एका वेळी एकच पाय खोला, सगळ्यात खालच्या भागापासून. पांढरं फडकं अंथरा आणि वस्तू निघतील त्या क्रमाने मांडा. कडी पूर्ण पिळून सोडवली की नळी बाहेर ओढता येते. नळीच्या वरच्या टोकावर दोन अर्धगोल पट्ट्या असतात. त्यांच्या पाठीवरचे खिळे नळीच्या भोकांत बसतात, आणि नळी बाहेर आली की त्या पट्ट्या टपकन खाली पडतात. हरवतात त्या इथेच. कडीच्या तोंडाशी एक चिरलेली, निमुळती प्लॅस्टिकची बाही असते. कडी पिळली की ही बाही नळीला आवळते. लॉक म्हणतात ते हेच.

सगळं गोड्या पाण्यात, सौम्य साबणाने धुवा. आट्यांतली रेती जुन्या टूथब्रशने काढा. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन लावू नका. प्लॅस्टिक आणि नळीवरचा लेप दोन्ही खराब होतात. नळ्या उघड्या ठेवून रात्रभर सावलीत उभ्या वाळवा, कारण पाणी आत साचून राहतं. मग काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढं जलरोधक ग्रीस घेऊन फक्त आट्यांवर पसरा. पट्ट्यांना आणि निमुळत्या बाहीला ग्रीस अजिबात नको. त्यांचं काम घर्षणावर चालतं. तिथे ग्रीस लागलं की लॉक घसरतं, मग माणूस जोर करून पिळतो आणि बाही फाटते.

जोडताना पट्टीवरची रेघ वरच्या नळीतल्या खाचेत बसवा, नाहीतर पाय फिरत राहील. कडी लावताना आधी उलटी फिरवा. आटे जुळले की बारीक ‘टक्’ जाणवतं. तिथून सुलटी पिळा. आटे वाकडे चढले तर कडी गेलीच म्हणून समजा.

पुढच्या वेळी पाण्यात उभं राहताना सगळ्यात खालचा भाग आधी पूर्ण बाहेर काढा, म्हणजे सांधा लाटेच्या वर राहील. ओले पाय बंद करू नका, आणि घरी आल्यावर त्याच दिवशी धुवा.

प्रश्न : ट्रायपॉड दगडावर पडला. एका नळीचा टवका उडाला आहे. वापरू का?

उत्तर : ॲल्युमिनियमला पोचा पडतो आणि तो दिसतो. कार्बन मात्र बाहेरून जवळपास तसाच दिसून आतल्या आत थर सोडू शकतो. एक नाणं घ्या आणि दर दोन सेंटिमीटरवर नळीवर हलकेच वाजवत चला. अखंड नळी खणखणीत वाजते. थर सुटलेल्या जागी आवाज भद्द येतो. दुसऱ्या पायावर त्याच जागी वाजवून ताडून पाहा.

आवाज एकसारखा आला आणि ओरखडा फक्त वरच्या लेपात असेल तर बिनधास्त वापरा. टवक्यात धागे उघडे पडले असतील तर कोरडं करून पातळ इपॉक्सीचा हात द्या. चीर आडवी गेली असेल, किंवा नळी दोन हातांत धरून हलकं दाबल्यावर करकर ऐकू आली, तर तो भाग बदलायचा. टेप गुंडाळून वेळ मारून नेली, तर कॅमेरा खाली येणारच. घासकाम तर घरी करूच नका. कार्बनची धूळ सुईसारखी कातड्यात रुतते आणि श्वासातून आत जाते.

लॉकच्या अगदी खाली गोल चीर दिसली तर ती पडल्यानेच आली असेल असं नाही. पक्कडीने कडी आवळल्याचीही ती खूण असू शकते.

प्रश्न : वाऱ्यात ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला बॅग अडकवावी का?

उत्तर : अडकवा, पण ती जमिनीला टेकली पाहिजे. लोंबकळणारी बॅग वाऱ्यात झुलते आणि ट्रायपॉडलाच हलवते. त्याहून चांगलं म्हणजे सगळ्यात बारीक भाग आत ढकलून उंची कमी करा आणि एक पाय लेन्सच्या दिशेने ठेवा. वारा विजांसकट आला असेल तर ट्रायपॉड मिटून आडवा करा, आणि डोक्यावरून विजेच्या तारा जात असतील तिथे तो उंच धरू नका. वर सांगितलंच आहे, कार्बनमधून वीज जाते.