दुहेरी लूपमधून एकदम बाहेर कसे पडावे?

सी या प्रोग्रामिंग भाषेत बाहेरचा लूप (तेच काम पुन्हापुन्हा करणारा कोडचा भाग) गोव्यातील तालुक्यांवर आणि आतला त्यांतील गावांवर फिरत असताना, फोंड्यातील प्रियोळ सापडल्यावर ब्रेक देऊनही शोध पुढच्या तालुक्यात चालूच राहतो, असे आपण विचारले आहे. ब्रेक ही आज्ञा ज्या लूपमध्ये लिहिली आहे, तो सर्वांत आतला लूपच फक्त थांबवते. ब्रेक स्विचमध्ये (मूल्यानुसार पर्याय निवडणाऱ्या रचनेत) असेल तर लूपला धक्काही न लावता केवळ स्विचमधून बाहेर पडतो, आणि ही चूक सहसा लवकर ध्यानात येत नाही. माझ्या मते हा शोध स्वतंत्र फंक्शनमध्ये (नाव दिलेल्या कोडच्या तुकड्यात) ठेवून गाव सापडताच रिटर्न करणे, म्हणजे त्यातून थेट बाहेर पडणे, सर्वांत स्वच्छ. मात्र फाइल बंद करायची किंवा मॅलॉकने (मेमरी मागून घेणाऱ्या फंक्शनने) घेतलेली मेमरी सोडायची असेल, तर गोटूने (कोडमध्ये थेट दुसरीकडे उडी मारणाऱ्या आज्ञेने) शेवटच्या लेबलवर, म्हणजे नाव देऊन खूण केलेल्या जागी, जाऊन ती कामे उरकावीत, गोटूची बदनामी कितीही झालेली असो.